एकही सकाळ चुकवली नाही

पेटिटबाईंनी राखेची बादली दाराशी ठेवली, हात एप्रनला दोनदा पुसले, मग उगाचच तिसऱ्यांदा पुसले, आणि खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढून टेबलाच्या अगदी कडेला ठेवला.

"सवड असेल तेव्हा बघा, साहेब. घाई नाही."

थर्लबींनी पुस्तकातून मान वर केली. सव्वीस वर्षं ही बाई रोज सकाळी सहाला त्यांच्या खोलीत येत होती. भिंतीतली शेगडी पेटवायची, पाणी तापवायचं, बिछाना आवरायचा, चहा टेबलावर ठेवायचा. चहाखेरीज तिने त्या टेबलावर आजवर काही ठेवलं नव्हतं.

"काय आहे हे?"

"अर्ज आहे. मार्जरीच्या खोल्यांचा. थोरल्या मिसेस गॉट गेल्या ना नाताळात. त्यांची खोली रिकामी झालीय."

"तुम्हाला तिथे राहायचंय?"

"गुडघे गेले बघा पार. हा जिना मी हल्ली शिव्या देत चढते. देवाला नाही हो, जिन्याला." पेटिटबाई स्वतःच हसल्या, मग गंभीर झाल्या. "मार्चअखेर काम सोडते म्हणून कॉलेजच्या कारभाऱ्यांना सांगितलंय. भाचीला पाचवं झालं. जावई म्हणतो, मावशी, आता तुम्हाला झोपवायचं कुठे, माझ्या छातीवर? तोंडावर बोलतो, तेवढं एक बरं आहे."

"आणि ही खोली नाही मिळाली तर?"

थर्लबींनी हे अगदी सहज विचारलं. विद्यार्थ्याच्या निबंधात एखादी शक्यता सुटली असेल तर ते असंच विचारत. पेटिटबाईंनी राखेच्या बादलीकडे पाहिलं.

"मग वर्कहाऊस."

निराधारांना ठेवायच्या या सरकारी घराची केंब्रिजमधल्या गरिबांना जेवढी धास्ती होती तेवढी मरणाचीही नव्हती. तिथे अंगावरचे कपडे उतरवून घेत आणि करडा झगा देत. म्हातारी माणसं ओळीने झोपत, ओळीने जेवत आणि मेली की कुंपणामागच्या जमिनीत, जिथे कुणाचं नाव लावत नाहीत, तिथे पुरली जात.

"बाकी कशाचं काही नाही," पेटिटबाई म्हणाल्या. "झगा काय, झगाच. पण हेटीशेजारी माझी जागा आहे, साहेब. जोबने तेव्हाच घेऊन ठेवली होती. मार्जरीच्या खोल्यांतली बाई गेली की तिला तिच्या स्वतःच्या जागेत नेतात, ते लोक सगळं करतात. वर्कहाऊसवाले आपल्याच आवारात टाकतात. तेवढ्यासाठी."

जोब म्हणजे बाईंचा नवरा, तो वारलेला, एवढं थर्लबींना ठाऊक होतं. हेटी कोण, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांनी कागद उलगडला होता आणि त्यांचं लक्ष शेवटच्या ओळीवर गेलं होतं.

डेम मार्जरी नावाच्या एका लोकरवाल्याच्या विधवेने अडीचशे वर्षांपूर्वी मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं की, गावातल्या आठ गरीब बायकांना खोली, कोळसा आणि रविवारचं मटण मिळावं. अट एकच. ती बाई चांगली असावी, आणि ती चांगली आहे असं सेंट ऑस्वाल्ड कॉलेजच्या एका प्राध्यापकाने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या शब्दांत लिहून द्यावं. अडीचशे वर्षं कॉलेजचे प्राध्यापक लिहून देत आले होते. 'ही चांगली बाई आहे.' खाली सही. एवढं लिहायला शाईत टाक एकदा बुडवला तरी पुरे. लिहायचं आणि जेवायला जायचं.

पण पेटिटबाईंचं नशीब असं की त्या थर्लबींच्या जिन्यावर कामाला होत्या.

कारण या गृहस्थांनी उभा जन्म त्या एका शब्दापायी घालवला होता. चांगलं म्हणजे काय? बारा वर्षांपूर्वी त्यांचं एक बारीकसं पुस्तक निघालं होतं. चांगलं म्हणजे ज्याने सुख होतं ते, असं कुणी म्हणतं. चांगलं म्हणजे देवाची आज्ञा, असं कुणी म्हणतं. चांगलं म्हणजे बहुतांचं हित, असं आणखी कुणी. थर्लबींनी या सगळ्यांना एकामागून एक उभं करून एकच प्रश्न विचारला होता: हे सुख देतं, कबूल, पण ते चांगलं आहे का? ही देवाची आज्ञा, कबूल. पण ती चांगली आहे का? प्रश्न दर वेळी जसाच्या तसा उभा राहत होता. तेव्हा चांगल्याची व्याख्या होत नाही. कुठल्याही गोष्टींची यादी करून तिच्या तळाशी 'म्हणून चांगलं' असं लिहिता येत नाही. पुस्तकाचं विद्वानांत नाव झालं. विद्यार्थी त्यांना पाठीमागे 'पण-ते-चांगलं-आहे-का' म्हणत, आणि ते थर्लबींना ठाऊक होतं व मनातून आवडतही होतं. हा शब्द ते स्वतः फार जपून वापरत. जेवणाच्या टेबलावर मटण कसं झालंय विचारलं तर म्हणत, "मऊ आहे."

"लिहितो," ते म्हणाले. "पण मला तीन-चार दिवस द्या."

"चार दिवस?" पेटिटबाईंना आश्चर्य वाटलं, आणि मग त्या लाजल्या. आपल्याबद्दल चार दिवस लिहिण्यासारखं काय असणार! त्या खाली उतरताना गुणगुणत होत्या, हे थर्लबींनी ऐकलं.

त्यांनी खरोखर चार दिवस घेतले. पहिल्या दिवशी त्यांनी लिहिलं, 'केझाया पेटिट ही चांगली बाई आहे,' आणि त्या ओळीकडे बघून त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या माणसाने हे वाक्य असं हातासरशी लिहू नये म्हणून दोनशे पानं छापली, त्याच माणसाने ते लिहायचं, आणि तेही ज्या बाईबद्दल त्याला खरा आदर आहे तिच्याबद्दल! बाजारातल्या लोण्यालाही लोक चांगलं म्हणतात. त्यांनी ओळ खोडली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फक्त जे खरं होतं ते लिहायला घेतलं. बाई स्वच्छ आहे. प्रामाणिक आहे: कोटाच्या खिशात राहिलेलं नाणं तिने दर वेळी आणून दिलं. एकदा छापखान्यातून आलेली तपासायची पानं त्यांनी स्वतः चुकून केराच्या टोपलीत टाकली होती, ती तिने वाचता येत नसतानाही 'ही महत्त्वाची दिसतात' म्हणून बाजूला काढून ठेवली. त्यांना न्यूमोनिया झाला तेव्हा ती तीन दिवस खुर्चीवर बसून राहिली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवली: सव्वीस वर्षांत तिने एकही सकाळ चुकवली नाही, १८९५ सालच्या फेब्रुवारीत नदी गोठली होती, गावातले निम्मे लोक घराबाहेर पडत नव्हते, तेव्हाही रोज सहाला शेगडी पेटलेली होती. त्या महिन्यात थर्लबी पुस्तकाचं शेवटचं प्रकरण लिहीत होते. ती ऊब त्यांच्या आजही लक्षात होती.

मग खाली काय लिहायचं? म्हणून ती चांगली आहे? 'म्हणून' हा शब्द तर त्यांनीच मोडून टाकला होता.

चौथ्या दिवशी त्यांनी शेवटचा परिच्छेद लिहिला: 'अर्जदार चांगली आहे काय, असा प्रश्न विश्वस्तांनी केला आहे. वरील गोष्टी मी स्वतः पाहिलेल्या असून त्यांबद्दल मला शंका नाही. परंतु त्यांवरून ती चांगली आहे असं म्हणणं मला प्रामाणिकपणे शक्य नाही. तो निर्णय मी विश्वस्तांवर सोपवतो.' त्यांनी पत्र पुन्हा वाचलं आणि त्यांचे डोळे भरून आले. एखाद्या माणसाविषयी आपण इतकं स्वच्छ, इतकं आदराने कधी लिहिलं नाही, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

सकाळी त्यांनी लाखेने बंद केलेला लिफाफा बाईंच्या हातात दिला.

"लिहिलंत, साहेब?"

"लिहिलं. त्यात एकही शब्द खोटा नाही."

"मग झालं तर," पेटिटबाई म्हणाल्या, आणि लिफाफा झग्याच्या गळ्यातून आत नीट सरकवून त्यांनी शाल वर ओढून घेतली.

फेब्रुवारीच्या पहिल्या मंगळवारी विश्वस्तांची सभा झाली. बुधवारी थर्लबींनी चहा घेताना विचारलं.

"नाही मिळाली," बाई शेगडीशी वाकून म्हणाल्या. "स्टर्न म्हणून आहे एक, कपडे धुणारी. तिला मिळाली."

"तिच्यासाठी कुणी लिहिलं होतं?"

"मिस्टर ओर्मनी. ते गणितवाले. एका ओळीचं पत्र होतं."

"मूर्ख लोक आहेत," थर्लबी चिडून म्हणाले. "मी दोन पानं लिहून दिली होती!"

"नाही हो साहेब, मूर्ख कशाने? त्यांचं बरोबरच आहे."

बाईंनी चिमट्याने कोळशाचा एक खडा उचलला, ठेवला, परत उचलून दुसरीकडे ठेवला. थर्लबींना त्यांचा चेहरा दिसत नव्हता. खरं तर सव्वीस वर्षं रोज सकाळी त्यांना बाईंची पाठच दिसत आली होती, आणि पाठीवरून माणसाचं काय कळणार?

पण त्या दिवसापासून काहीतरी बदललं, एवढं त्यांनाही कळलं. बाई गुणगुणेनाशा झाल्या. पूर्वी त्या फुगलेली एक वेताची टोपली घेऊन येत, ती दिसेनाशी झाली. जाताना त्या चांदीचे चमचे टेबलावर एका ओळीत, दिसतील असे मांडून जाऊ लागल्या. थर्लबींनी दोनदा ते चमचे परत खणात ठेवले आणि दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी ते पुन्हा ओळीत होते. म्हातारपणाचा काही विक्षेप असेल असं त्यांनी ठरवलं.

दोन आठवड्यांनी दुपारच्या जेवणानंतर कॅनन ल्यूकिन त्यांच्याशेजारी येऊन बसले. धर्मोपदेशक, गुबगुबीत, खाण्यापिण्याचे शौकीन, आणि मार्जरीच्या खोल्यांच्या विश्वस्तांत सगळ्यात जुने.

"तुमचे आभार मानायचे राहिले, थर्लबी," ते आवाज खाली आणून म्हणाले. "फार सभ्यपणे लिहिलंत. मी असतो तर सरळ नाव घेतलं असतं."

"कशाचं नाव?"

"त्या बाईचं हो. काय नेलं तिने? चमचे?"

"तिने काहीही नेलेलं नाही. ती प्रामाणिक आहे असं मी लिहिलंय!"

"लिहिलंत ना. स्वच्छ लिहिलंत, प्रामाणिक लिहिलंत, सेवाभावी लिहिलंत. एवढं सगळं लिहिलंत आणि चांगली म्हणायची वेळ आली तेव्हा हात आखडलात. अहो, चाळीस वर्षं मी नोकरांची पत्रं वाचतोय. गृहस्थ माणूस जे लिहीत नाही तेच वाचायचं असतं. 'प्रामाणिकपणे शक्य नाही!' आमच्यातला तो बिअरच्या कारखान्याचा मालक, हॉब्डे, त्याने तर कपाळावर हात मारला. म्हणाला, चोरीपेक्षा काहीतरी भयंकर असणार."

"पण तो शब्द मी कुणालाच लावत नाही!" थर्लबींचा आवाज चढला, दोघा-तिघांनी वळून पाहिलं. "हा माझा सिद्धान्त आहे. सगळ्या जगाला ठाऊक आहे तो."

"जगाला असेल. हॉब्डेला नाही," कॅनन म्हणाले, आणि मग त्यांचाही चेहरा हळूहळू उतरला. "म्हणजे तुम्ही... अरे देवा. आणि ती तिथेच उभी होती."

"कुठे?"

"टेबलासमोर. अर्जदारासमोर पत्र मोठ्याने वाचायचं असं मृत्युपत्रातच आहे. मीच वाचलं. आम्ही विचारलंही तिला, बाई, यावर काही बोलायचंय? म्हणाली, साहेबांनी लिहिलंय म्हणजे खरंच असणार."

थर्लबी उठून उभे राहिले.

"मी दुसरं पत्र देतो. आत्ता देतो."

"खोली गेली, थर्लबी. स्टर्नबाई राहायलाही आली. आता त्या आठांपैकी कुणीतरी मरायला हवं, आणि खरं सांगू का, रविवारच्या मटणाने त्या सगळ्या ठणठणीत आहेत." कॅननना स्वतःच्याच बोलण्याची लाज वाटली असावी. "फाटकावरच्या टेबरला आम्ही लक्ष ठेवायला सांगितलं होतं. जाता-येता तिची टोपली, खिसे तपासतो तो. ते मात्र मी आजच थांबवतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पेटिटबाई आल्या तेव्हा थर्लबी कपडे करून, हात मागे बांधून खोलीच्या मधोमध उभे होते.

"बसा, बाई."

बाई इकडेतिकडे बघून कोळशाच्या पेटीच्या कडेवर बसल्या. खुर्चीवर बसायचं त्यांच्या मनातही आलं नाही.

"माझं पत्र तुम्हाला नीट कळलं नाही. कुणालाच कळलं नाही," थर्लबी म्हणाले. रात्रभर त्यांनी हे मनात मांडून ठेवलं होतं आणि आता ते सगळं विस्कटलं. "मी तुम्हाला वाईट म्हटलं नाही. चांगलं कशाला म्हणावं हे कुणाला सांगता येत नाही, एवढंच माझं म्हणणं. हे तुमच्याबद्दल नव्हतंच. कुणाहीबद्दल मी तेच लिहिलं असतं."

"कशाला मनाला लावून घेता, साहेब?" बाई समजुतीच्या स्वरात म्हणाल्या. "मला राग नाही. तुम्हाला ठाऊक आहे हे मला तिथे उभ्या उभ्याच कळलं. त्यांनी त्या फेब्रुवारीचं वाचलं ना, तेव्हाच. मनात म्हटलं, चला, साहेबांना ठाऊक होतं आणि इतकी वर्षं ते बोलले नाहीत. उपकारच म्हणायचे."

"फेब्रुवारीचं काय?"

"नदी गोठली होती तेव्हाचं. मी एकही सकाळ चुकवली नाही ते." बाईंनी हात मांडीवर एकात एक घालून ठेवले. "हेटीला घटसर्प झाला होता. नऊ वर्षांची पोर माझी. इथला नियम तुम्हाला ठाऊकच आहे, घरात साथीचं काही असलं तर सांगायचं, आणि सांगितलं की दुसरी बाई ठेवतात. जोबचं काम त्या बर्फात बंद पडलेलं. मी नाही सांगितलं कुणाला. घरात घटसर्प, आणि मी इथे येऊन तुमच्या कपाला हात लावत होते, वरच्या मजल्यावरच्या त्या कोवळ्या विद्यार्थ्याची, मिस्टर फेनची, उशी झटकत होते. त्याला पुढे वसंतात घसा धरला होता बघा. बरा झाला तो. पण बरा होईपर्यंत मी रोज त्याच्या दाराबाहेर गुडघे टेकत होते. लोकांना वाटायचं फरशी पुसतेय."

शेगडी अजून पेटवलेली नव्हती. खोलीत त्यांच्या बोलण्याची वाफ दिसत होती.

"शेवटच्या दिवशी ती म्हणाली, आज नको ना जाऊस. घशातून आवाज निघत नव्हता, ओठांवरून कळलं मला. मी म्हटलं, साहेबांची शेगडी पेटवून आलेच. जोब होता, शेजारीण होती. पण तिने मला सांगितलं होतं ना. नऊला घरी पोचले. तोवर झालं होतं सगळं. तुम्ही त्या दिवशी मला म्हणालात, आज छान ऊब आहे, बाई. ते माझ्या लक्षात राहिलं. म्हणून वाटलं की तुम्हाला कुठून तरी कळलं असणार."

बाईंनी थर्लबींच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पाहता पाहता त्यांच्या ध्यानात आलं.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"नाही."

"काहीच?"

"हेटी कोण, हेसुद्धा नाही."

पेटिटबाईंनी शालीचं टोक तोंडावर दाबलं. बारा वर्षं जे देवाखेरीज कुणापाशी काढलं नव्हतं ते त्यांनी आता सांगून टाकलं होतं, आणि तेही विनाकारण. थर्लबी दोन पावलं पुढे आले.

"तुम्ही चांगल्या आहात, बाई," ते म्हणाले.

किती वर्षांत हा शब्द त्यांनी माणसाला लावला नव्हता. तो तोंडातून वेडावाकडा बाहेर आला. बाईंनी त्यांच्याकडे तापात बडबडणाऱ्या माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

"असू दे, साहेब. आता कशाला." मग त्या अगदी साधेपणाने, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारख्या म्हणाल्या, "तुम्ही एवढे शिकलेले. तुम्हीच सांगा. न येते तर नोकरी जाती, जोब आणि मी उपाशी मरतो. आले ते तिला सोडून. मग मी आले ते चांगलं केलं का?"

थर्लबींनी हजार वेळा, हसत हसत, हा प्रश्न पोरांना विचारला होता. आज ते खिडकीशी गेले. खाली टेबर फाटक उघडत होता.

"मी तुमच्या राहण्याचं बघतो," ते काचेकडे तोंड करून म्हणाले. "खोलीचं भाडं मी देईन."

"नको. गावात आधीच बोलताहेत. आता तुम्ही भाडं भरलंत तर म्हणतील, तोंड बंद ठेवायला भरलं. भाचीच्या पोरींची लग्नं व्हायचीयत अजून."

"मग निदान हेटीशेजारी. ते मी करवून घेईन. शब्द देतो."

"तुम्ही विसराल, साहेब," पेटिटबाई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्या गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि शेगडीकडे वळल्या, कारण सहा वाजून गेले होते.

बाई गेल्यावर थर्लबींनी एक कागद घेतला. कबरस्तानाचं नाव, रांग आणि जागा त्यांनी चर्चच्या नोंदवहीतून त्याच दुपारी स्वतः जाऊन लिहून आणली. केझाया पेटिट वारल्यास तिला वर्कहाऊसच्या आवारात न पुरता या जागी, हेटी पेटिट हिच्या शेजारी न्यावं. मी हयात नसलो तर हे काम माझ्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाने करावं. खाली सही. दोन साक्षीदार. कागदात बाईंच्या गुणावगुणांविषयी एक अक्षर नव्हतं. त्यांनी तो शेगडीवरच्या फळीवर, घड्याळाखाली ठेवला.

मार्चचा शेवटचा दिवस उजाडला. आज तरी बाईंना वाकायला लागू नये, म्हणून थर्लबी पाचलाच उठले. एकसष्ट वर्षांच्या आयुष्यात त्यांनी शेगडी पेटवली नव्हती. त्यांनी कागद कोंबले, त्यांवर लाकडं रचली, लाकडांवर भरपूर कोळसा ओतला. धूर खोलीभर झाला, खिडकी उघडावी लागली, बोटाला पोळलं. पण सहाच्या सुमाराला मधोमध एक पिवळी जीभ दिसायला लागली आणि ते तिच्याकडे लहान मुलासारखे बघत बसले.

पेटिटबाई दारात येऊन थांबल्या. त्यांच्या हातात काड्यांची पेटी होती.

"कुणी पेटवली?"

"मी. म्हटलं, आज तुम्हाला नको."

पेटी बाईंनी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"आजचा दिवस माझा होता, साहेब," त्या म्हणाल्या.

थर्लबी बाजूला सरले. बाई पुढे झाल्या, फळीचा आधार घेत एक गुडघा टेकला, मग दुसरा टेकताना त्यांच्या तोंडून बारीक आवाज निघाला. चिमट्याने त्यांनी एकेक कोळसा उचलून बाजूला काढला, धुमसणारी लाकडं वेगळी केली, कागद ओढून काढले. राख सारखी केली. मग सगळं नव्याने रचलं, नेहमीसारखं, आणि काडी ओढली.

"खिडकी लावा. थंडी येतेय."

त्यांनी खिडकी लावली. बाईंनी पाणी चढवलं, बिछाना आवरला, चहा आणून ठेवला. चमचे त्यांनी आज ओळीत मांडले नाहीत, खणात ठेवले. निघताना बादली उचलून त्या दारात वळल्या.

"ते हेटीजवळचं. लिहून ठेवलंय ना?"

"लिहिलंय."

"सगळं खरं लिहिलंय?"

"हो."

"मग झालं तर," पेटिटबाई म्हणाल्या.

त्या जिना उतरू लागल्या, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत, बादली कठड्याला घासत. आवाज खाली, मग फरसबंदीवर, मग फाटकाबाहेर गेला. थर्लबी तोवर दारातच उभे होते. मग ते आत आले आणि कागद घड्याळाखाली जागेवर आहे की नाही, ते त्यांनी उचलून पाहिलं.